केतकीच्या नवऱ्याचं हृदय

सरकारी नोंदीत माझ्या सुनेच्या नवऱ्याचं म्हणून जे हृदय आहे, ते माझं आहे. यात कोणी कोणाला फसवायला निघालं नव्हतं. कसं झालं ते पहिल्यापासून सांगतो.

मी भिकाजी जांभारकर. गुहागरच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी आमचं बंदर आहे. चाळीस वर्षं मी तांडेल होतो, म्हणजे बोट आणि तिच्यावरचे खलाशी माझ्या हुकमात असत. अक्षरं मी छप्पन्नाव्या वर्षी शिकलो, मच्छीमार सोसायटीच्या प्रौढ वर्गात. अजून वाचताना ओळीखाली बोट धरतो. घरात मी, माझी बायको वनिता आणि एकुलता एक मुलगा विराज. विराजने मासेमारी केली नाही. तो एका परदेशी जहाजावर लागला. हिंदी महासागराच्या तळाशी धातूचे गोटे असतात, ते यंत्राने वर ओढायचं त्या जहाजाचं काम. वर्षातून चाळीस दिवस रजा. बाकी दिवस तो आमच्यासाठी हातातल्या पडद्यावरच असे.

त्याचं लग्न केतकीशी ठरलं. केतकी दापोलीची. तिथल्या एका नर्सरीत आंब्याची कलमं बांधायची. बोलायला मोजकी, हाताला चपळ. दोघं वर्षभर पडद्यावर बोलली आणि एकमेकांना आवडली. रजेची वाट बघायची नाही, दूरविवाह करायचा, असं त्यांनीच ठरवलं.

दूरविवाहाचा कायदा येऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. अर्धी तरुण मंडळी जहाजावर, वाळवंटात नाहीतर बर्फात कामाला. मुहूर्तावर एका मांडवात दोघं येणार कुठून? म्हणून पडद्यावर लागलेलं लग्नही खरं, आणि अशा जोडप्याला लग्नाचे सगळे फायदे, असं ठरलं. नवऱ्याच्या कामावरून बायकोला औषधपाणी आणि रुग्णालय. गर्भार राहिली तर पहिल्या तपासणीपासून मूल वर्षाचं होईपर्यंत सगळं मंडळ बघणार. मंडळ म्हणजे दूरविवाह कल्याण मंडळ.

पण कायदा झाला आणि खोटी लग्नंही सुरू झाली. चेहरा आणि आवाज तर यंत्रं हुबेहूब बनवू लागली होती. पडद्यावर नवरदेव हसायचा, हात हलवायचा, आणि असा माणूस जगात कुठेच नसायचा. यावर तोडगा म्हणून हृदयमुद्रा आली.

हृदयमुद्रेचं शास्त्र मला चिपळूणच्या डॉक्टरीणबाईंनी नंतर समजावलं. हृदय ठोका देतं तेव्हा त्यात एक बारीकशी वीज फिरते. वरच्या कप्प्यात उठते, मध्ये जरा थांबते, मग खाली पसरते. तिची रेघ काढली तर डोंगर-दऱ्यांसारखी दिसते. हृदयाचा आकार, छातीत ते कसं टेकलंय, भिंती किती जाड, यावर ती रेघ ठरते, आणि दोन माणसांची तंतोतंत सारखी नसते. माणूस धावला तर डोंगर जवळजवळ येतात, निजला तर लांब जातात, पण घाट तोच राहतो. शिवाय ती जिवंत शरीरातूनच निघावी लागते. चेहऱ्यासारखी तिची नक्कल तेव्हा कोणाला जमत नव्हती.

मंडळ दोन पट्टे पाठवी, एक वराचा, एक वधूचा. मंगलाष्टकं संपताना दोघांनी मनगटाला पट्टा बांधायचा, दुसऱ्या हाताचा अंगठा त्यावर ठेवायचा. मुद्रा उमटली की लग्न लागलं. पुढे दर महिन्याला आणि प्रत्येक मोठ्या उपचाराच्या आधी दोघांनी एकाच वेळी तीन मिनिटं हजेरी द्यायची. कुठून देता ते विचारायचं नाही, कारण दूर असणाऱ्यांसाठीच तर कायदा होता. हृदय तेवढं तेच हवं.

विराजचा पट्टा मॉरिशस बंदरात त्याच्या जहाजावर चढायचा होता. जहाजाची फेरी बदलली, ते तिथे लागलंच नाही, आणि लग्नाला चार दिवस असताना पट्टा परत आमच्या दारात आला. केतकीच्या मामांनी फोन केला. सिंहस्थ लागत होता. हा मुहूर्त गेला तर त्यांच्या घराण्यात पुढचे तेरा महिने लग्न लावत नाहीत. पत्रिका वाटून झाल्या होत्या.

मार्ग काढला आमच्या भटजींनी. ते म्हणाले, पूर्वी नवरदेव लढाईवर असला की त्याची कट्यार पाठवायचे आणि तिच्याशी लग्न लावायचे. त्याला खांड्याचं लग्न म्हणत. कट्यार काय नि पट्टा काय, वस्तू नवऱ्याच्या जागी उभी राहते. आता बांधा तुम्ही, विराज आला की त्याला बांधा. आम्हा सगळ्यांना ते पटलं. मलाही. उलट बरं वाटलं, की आपल्या जुन्या रीतीत याला जागा आहे.

पडद्यावर विराज मुंडावळ्या बांधून उभा होता. मागे जहाजाचं लोखंड. टाळ्या वाजल्या तेव्हा मी पाटाच्या बाजूला बसून पट्टा बांधला आणि ओळीखाली बोट धरून वाचलं, ‘वराने अंगठा ठेवावा.’ ठेवला. हिरवा दिवा लागला. वनिताने माझ्या हातावर अक्षता टाकल्या, हसत हसत.

दोन महिन्यांनी विराज रजेवर आला. आम्ही कौतुकाने त्याच्या मनगटाला पट्टा बांधला. लाल दिवा लागला. पुसून पुन्हा बांधला. पुन्हा लाल.

गुहागरच्या केंद्रात मिसाळबाई म्हणून कारकून होत्या. विराजने त्यांना, एका मित्राचं असं झालंय, म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या की मुद्रा बदलता येत नाही, मुद्रा हेच लग्न. दुसऱ्याची असेल तर ती खोट्या लग्नाची केस, नवराबायको दोघांवर. नाहीतर फारकत घेऊन नव्याने लग्न करायचं, पण लाभ मिळायला पुन्हा एक वर्ष थांबायचं. मग चष्मा काढून पुसत त्या म्हणाल्या, “तुमच्या मित्राला सांगा, मी काही ऐकलं नाही.”

विराज चाळीस दिवसांनी गेला. केतकीला दिवस राहिले होते. अशात फारकत कोण घेतो? तोवर हजेरी मी देत राहायचं ठरलं.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी पडवीत दोन पाट मांडायचे. एकावर मी, समोरच्यावर केतकी. तीन मिनिटं बोलायचं नाही, हलायचं नाही. मी जमिनीकडे बघत असे, ती बाहेर माडाकडे. सासऱ्याने सुनेसमोर असं बसायची आमच्यात पद्धत नाही. तीन मिनिटं झाली की यंत्रातली बाई गोड आवाजात सांगे, पती-पत्नी उपस्थित. मी पट्टा काढून लगेच उठायचो आणि उगाच जेटीवर जाऊन यायचो. घरी आलो की वनिता विचारी, “आलात? मग आज कोणाच्या हातचं जेवणार, पहिलीच्या की दुसरीच्या?” ती थट्टा होती. पण तिसऱ्या सोमवारी तिने ती केली नाही आणि मला ते जास्त लागलं.

केतकीने एकदाच त्यावर तोंड उघडलं. पट्टा गुंडाळता गुंडाळता म्हणाली, “बाबा, आमच्याकडे चुकीच्या फांदीवर कलम बांधलं ना, की लगेच सोडतात. धरलं की मग सोडता येत नाही, झाड जखमी होतं.”

तिसऱ्या महिन्यात तिचा गर्भ पडला. लाभाचं वर्ष भरलं नव्हतं, म्हणून जवळच्या दवाखान्यात पिशवी साफ करून घेतली. तिथे एक इंजेक्शन द्यायचं राहिलं. ते राहिलं हे आम्हाला दीड वर्षांनी कळलं.

दुसऱ्या रजेनंतर तिला पुन्हा दिवस राहिले. पाचव्या महिन्यात चिपळूणच्या डॉक्टर नसीमा काझींनी रक्त बघितलं आणि मला व वनिताला आत बोलावलं. केतकीच्या रक्तात एक घटक नाही, विराजच्या रक्तात आहे, आणि पोटातल्या बाळाने बापाचं रक्त घेतलंय. पहिल्या वेळी त्या रक्ताची आईच्या रक्ताशी गाठ पडली आणि आईच्या शरीराने ते परकं म्हणून ओळखून ठेवलं. आता आईचंच शरीर बाळाच्या रक्तपेशी मोडतंय. ते राहिलेलं इंजेक्शन ही ओळख होऊ न देण्याचं होतं.

“उपाय आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “पोटातच बाळाला रक्त द्यायचं. नाळेत सुई घालून. पण दर दोन-तीन आठवड्यांनी, आणि फक्त पुण्याला. एकही वेळ चुकवता येणार नाही.”

तसला उपचार आमच्या ऐपतीबाहेरचा होता. मंडळामुळे तो मिळणार होता. प्रत्येक वेळी आधी हजेरी, मग सुई. वर्ष भरलं होतं, कागद स्वच्छ होते, फक्त माझा अंगठा लागणार होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, बरं झालं मी पट्टा बांधला. ते समाधान जेमतेम पंधरा दिवस टिकलं.

जेटीवर उभा असताना डोळ्यांपुढे काळोख आला आणि मी जाळ्यांच्या ढिगावर बसलो. चार दिवसांनी पुन्हा तेच. वनिताला न सांगता मी चिपळूणला काझीबाईंकडे गेलो. त्यांनी हृदयाची रेघ काढून माझ्यासमोर ठेवली. वरच्या कप्प्यातून निघालेली वीज कधी कधी खाली पोचतच नव्हती. मधली वाट झिजत चालली होती. कधीतरी ती पूर्ण बंद होईल, म्हणाल्या. पेटी बसवायची, काड्यापेटीपेक्षा लहान. ती खालून ठोके देईल. साधी शस्त्रक्रिया आहे, या आठवड्यात करून टाकू.

मी विचारलं, “पेटीनंतर ही रेघ अशीच राहील?”

“नाही. पेटीची वीज वेगळ्या जागेवरून निघते. डोंगराचा आकारच बदलतो.” मग त्या थांबल्या. केतकीच्या फाइलीवर त्यांनीच सही केली होती, आणि माझ्या मनगटावर सकाळच्या हजेरीत उमटलेला पट्ट्याचा फिकट वळ त्यांना दिसला. म्हणाल्या, “काका, किती दिवस थांबायचंय?”

“बाळंतपणाला बारा आठवडे आहेत.”

त्यांनी मला आधी बारा आठवड्यांचे धोके सांगितले, मग एका आठवड्याचे. दोन्ही सारखेच वाटले मला. त्या मला अडवू शकत नव्हत्या, आणि मदतही करू शकत नव्हत्या.

परतताना गुहागरला उतरून मी मिसाळबाईंकडे गेलो. विचारलं, समजा बायको गर्भार असताना नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि रेघ बदलली तर? त्यांनी पडद्यावर शोधलं. रेघ बदलली तर चौकशी लागते, निकाल येईपर्यंत लाभ थांबतो, सहा महिने धरून चाला.

“आणि समजा नवरा मेलाच तर?”

“तर लाभ चालू राहतो. मूल वर्षाचं होईपर्यंत. विधवेला सोडत नाही मंडळ.” हे त्या जरा अभिमानाने म्हणाल्या.

मी उन्हातून एसटी स्टँडवर आलो. नियम अगदी सरळ होता. मी पेटी बसवून जगलो तर बाळाला रक्त मिळणार नाही. मी तसाच राहिलो तर मिळेल. मेलो तरी मिळेल. नियम लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसावं. त्याला एवढंच सुचलं नसेल की नवऱ्याचं हृदय सासऱ्याच्या छातीत असू शकतं.

पहिली सुई झाली. पुण्याला आम्ही तिघंही गेलो. केतकी चौथ्या मजल्यावर पलंगावर, तिच्या मनगटाला तिचा पट्टा. मी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात, बाहीखाली माझा. कोणी विचारलं तर सासरा, बसलोय. पडद्यावर जुळणीचा आकडा येई. लग्नाच्या दिवशी अठ्ठ्याण्णव होता. त्या दिवशी एक्क्याऐंशी आला. पंचाहत्तरच्या खाली गेला की लाल.

दुसऱ्या सुईला अठ्ठ्याहत्तर.

हे आकडे केतकीच्याही पडद्यावर दिसत होते, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बंदरावर परत आल्यावर तिने मला पडवीत गाठलं. हातात ताकाचा पेला होता, तो तिने खाली ठेवला.

“बाबा, तुमचं हृदय बदलतंय.”

मी म्हटलं, वय झालं.

“वनिताआईंना माहीत आहे?”

“नाही.”

“विराजला?”

मी मान हलवली. ती समोरच्या रिकाम्या पाटावर बसली, हजेरीला बसते तशीच, पण या वेळी माझ्याकडे बघत. म्हणाली, “तुम्ही मरून माझं मूल जगवायचं, आणि मी रोज तुम्हाला भाकरी वाढायची. हे मला जमेल असं तुम्हाला वाटतं?”

तिलाही दुसरी वाट दिसत नव्हती. तिने पोटावर हात ठेवला होता, आणि तो तिने ठेवलाय हे तिला कळत नसावं. ताक प्यायलो. ती पेला घेऊन आत गेली. त्या दिवसापासून ती मला पाण्याची कळशी उचलू देईना, एवढाच काय तो उपाय तिच्या हातात होता.

वनिताला तिनेच सांगितलं. वनिता भांडली नाही. रात्रीचं जेवण वाढताना एवढंच म्हणाली, “नात्याला मी काय लागते तुमची, ते आता मंडळालाच विचारते.”

तिसऱ्या सुईच्या दिवशी दुपारी मी पुन्हा जिन्यात बसलो. बाळाच्या रक्ताचं प्रमाण आठवड्यात बरंच उतरलं होतं, डॉक्टरांनी त्याच दिवशी सुई द्यायला हवी असं बजावलं होतं. अंगठा ठेवला. सत्त्याहत्तर. पायऱ्यांच्या कडेला लावलेली पितळी पट्टी मला आठवते. शहात्तर. मग काही आठवत नाही.

पुढचं मला वनिताने सांगितलं, दुसऱ्या दिवशी, अतिदक्षता विभागात, माझ्या पायाशी बसून. ती ते असं सांगत होती, जसं दुसऱ्या कोणाच्या घरात घडलं.

मी जिन्यात कोसळलो. अंगठा सुटला, पण पट्ट्याखालचा दिवा नाडी बघत राहिला. तेवीस सेकंद नाडी नव्हती. तेवढ्यात एका सिस्टरने मला पाहिलं, माणसं गोळा झाली, छाती दाबली, मानेतून तार घालून हृदयाला बाहेरून ठोके दिले. मनगटावरचा पट्टा त्या सिस्टरनेच काढला. उलटसुलट करून बघितला, पाकिटात घातला, पाकिटावर लिहिलं, ‘घड्याळ’. कोणाला काही बोलली नाही.

तिकडे चौथ्या मजल्यावर सुई तयार होती. केतकीच्या पडद्यावर हजेरी अर्ध्यात तुटली. यंत्रातल्या बाईने सांगितलं, पतीच्या हृदयाचे ठोके थांबल्याची नोंद झाली आहे. आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत. पतीचे निधन झाले असल्यास पत्नीने पूर्ण वाक्यात, मोठ्याने सांगावे. अन्यथा उपचार स्थगित राहील.

केतकीने डॉक्टरांना पाच मिनिटं मागितली आणि विराजला फोन लावला. उपग्रहाचा फोन कधी लागतो, कधी नाही. त्या दिवशी लागला. तिने त्याला सगळं सांगितलं, बाबा खाली जिन्यात पडलेत असा निरोप आला होता, तेही. पलीकडे नुसता वाऱ्याचा आवाज येत होता. मग विराज म्हणाला, “सांग मेलो म्हणून. तसाही मी तिथे कुठे आहे?”

“आणि तू?” मी वनिताला विचारलं. “तू कुठे होतीस?”

“तिच्या उशाशी. ती माझ्याकडे बघून म्हणाली, आई, तुम्ही बाहेर जा. मी म्हटलं, नाही जात. ज्याला जन्म देताना मी होते, त्याचं हेही माझ्यासमोरच होऊ दे.” वनिताने चादरीची घडी सारखी केली. “मग ती म्हणाली. माझे पती विराज भिकाजी जांभारकर यांचे निधन झाले आहे. आवाज लहान पडला तर यंत्राने पुन्हा म्हणायला लावलं. दोनदा म्हणावं लागलं तिला.”

सुई झाली. बाळाला रक्त मिळालं.

दुपारी हृदयाचे डॉक्टर आले आणि पेटीसाठी सही मागितली. मी लगेच केली. आता मला जगायला कसलीच हरकत नव्हती.

मंडळाचं पत्र आठवड्याने आलं. मी ते ओळीखाली बोट धरून सगळं वाचलं. आपल्या पतीच्या निधनाने आपल्या जीवनात निर्माण झालेली पोकळी भरून येणार नाही, असं त्यात होतं. सोबत पुढच्या सुईची तारीख. यापुढे हजेरीची गरज नाही.

छत्तिसाव्या आठवड्यात मुलगी झाली. पिवळसर, पण रडली खणखणीत. तिच्या जन्माच्या दाखल्यावर वडिलांच्या नावापुढे दिवंगत आहे. जन्मल्यावरही तिचं रक्त अधूनमधून उतरतं, काविळीमुळे कान तपासावे लागतात, म्हणून मंडळाची सिस्टर दर महिन्याला घरी येते. त्या सकाळी केतकी मंगळसूत्र काढून तांदळाच्या डब्यात ठेवते. तेवढा वेळ वनिता गोठ्यात जाऊन बसते. आमच्याकडे आता गुरं नाहीत.

विराज जहाजावर जिवंत आहे, कारण जहाजाची कागदपत्रं दुसऱ्या देशाची आहेत. इथे तो नाही. जिवंत आहे असं सांगायला मिसाळबाईंकडे गेलो, तर तो जिवंत होईल, पण लाभ त्याच दिवशी थांबेल आणि लग्न खोटं ठरेल. मुलगी वर्षाची झाली की जहाजाच्या परदेशी कागदांवर दोघांनी नव्याने लग्न करायचं असं ठरलंय. तेव्हा विराज समुद्रावर असेल. पट्टा या खेपेला वेळेत पोचला पाहिजे.

मुलगी चार महिन्यांची असताना तो रजेवर आला. शेजाऱ्यांना काही सांगायची गरज नव्हती, त्यांच्यासाठी तो विराजच होता. आल्या दिवसापासून त्याने मुलीला खाली ठेवलं नाही. तिसऱ्या दिवशी, तारीख नसताना, सिस्टर आली. कोणत्या तरी गावाला जायचं होतं म्हणून लवकर आली. केतकीने पदर गळ्याभोवती ओढला आणि आत गेली. विराज पडवीत मुलीला मांडीवर घेऊन बसला होता. उठायला वेळ मिळाला नाही.

सिस्टर भली बाई. वजनकाटा काढता काढता तिने विचारलं, “हे कोण?”

विराजने माझ्याकडे पाहिलं. छातीत धडधडायला हवं होतं. पण पेटी नेमून दिलेले ठोके देते, सत्तर म्हणजे सत्तर. मी ऐकत होतो आणि आत काहीच हललं नाही.

“पाहुणे आहेत,” मी म्हणालो. “मुंबईचे.”

“पाहुण्यांचा लळा दिसतो हिला. माझ्याकडे येताना रडते, बघा.” तिने मुलीला काट्यात ठेवलं, वजन टिपलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या. रंग छान आलाय, म्हणाली. मग मुलीचा चेहरा निरखत जरा हळू आवाजात म्हणाली, “वडिलांवर गेली असेल ना? आईसारखी अजिबात नाही.”

विराज खाली पडलेलं दुपटं उचलून घडी घालत होता.

“काय माहीत,” तो म्हणाला. “मी त्यांना कधी पाहिलं नाही.”

सिस्टरने मुलीला काट्यातून उचललं आणि, पाहुण्याकडे कशाला द्यायची म्हणून, माझ्या हातात दिली. विराजचे हात पुढे आले होते. ते त्याने मागे घेतले आणि घातलेली घडी मोडून पुन्हा घालायला लागला.